विश्लेषण : उभ्या रीलमध्ये ‘फँड्री’ची भिंत कुठे जाते?

‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाचा विषय निघाला की बहुतेकांना हाच शॉट आठवतो. पण चित्रपटातला सर्वांत बोचरा शॉट त्याआधी येऊन गेलेला असतो आणि मोबाइलच्या उभ्या पडद्यावर तो धड दिसतच नाही.

पकडलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब निघाले आहे. मागे एक लांब भिंत. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे. कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर झेपावत नाही, पार्श्वसंगीत रडायला सांगत नाही. पुढे डुक्कर, मागे चित्रे, दोन्ही एकाच वेळी दिसतात. भाषणांत या महापुरुषांची नावे घेणाऱ्या गावात ही पाळी कोणावर येते, हे सांगायला एकही संवाद लागत नाही.

आता यातून रील बनवू. १६:९ चौकटीची उंची तशीच ठेवून ९:१६ उभी चौकट कापली, तर रुंदीचा एक तृतीयांशापेक्षाही कमी भाग उरतो. सिनेमास्कोपसारख्या २.३५:१ चौकटीत तर एक चतुर्थांशही नाही. हे साधे गणित आहे. एडिटिंग अ‍ॅप चेहरा शोधून तो मधोमध ठेवते. त्याच्या हिशेबात भिंत म्हणजे फक्त ‘बॅकग्राउंड’! जब्या उरतो, महापुरुष कापले जातात. मग उरते ती एका गरीब मुलाची केविलवाणी क्लिप. जातीचा मुद्दा त्या कापलेल्या भागासोबत गेलेला असतो.

‘राष्ट्रगीता’चा प्रसंगही असाच. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत ‘जन गण मन’ सुरू होते, जब्या जागीच उभा राहतो, मग घरचेही थांबतात. डुक्कर मात्र थांबत नाही. माणसे स्थिर आणि प्राणी मोकळा, ही विसंगती कळायला दोघांचे एकत्र भान हवे.

‘सैराट’चे काय?

तिथे नुकसान वेगळे आहे. चिमुकल्याची रक्ताळलेली पावले उभ्या चौकटीतही मावतील. पण मंजुळेंनी तिथे आवाजच काढून घेतला आहे. त्या शांततेवर कोणी उदास गाणे चढवले, की प्रेक्षकाला जे सुन्नपण सोसायचे होते त्यातून त्याची सुटका होते. (टीव्ही मालिकांनी ही सवय कधीच लावली आहे : थप्पड एकाला, क्लोजअप सात जणांचे, वर ढोल.)

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची तर रील बनणेच कठीण. सुट्टी लागते, न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा हलतच नाही. पडदा काळा होतो. चित्रपट संपला असे वाटते, आणि पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. आरोपीचे काय, हा प्रश्न त्या अंधारात तसाच राहतो. पंधरा सेकंदांच्या क्लिपला असा अंधार परवडत नाही, बोट लगेच वर सरकते.

मोबाइलवर सिनेमा पाहण्यात काही वावगे नाही. अनेकांकडे तोच एक पडदा आहे. फोन आडवा धरला तर ‘फँड्री’ची भिंत त्यावरही पूर्ण दिसते. चित्रे लहान होतात, पण कापली जात नाहीत.