'टेन्शन' हा शब्द आधी बंद करा!

मंडळी, आमचं गाव देवणी. त्याच नावाच्या काळ्या-पांढऱ्या गाई-बैलांचं. बैलाने रवंथ थांबवला, कान पाडले की शेतकरी लगेच ओळखतो, काहीतरी बिनसलंय. आणि आम्ही आयटीवाले? झोप उडालीये, घरच्यांवर खेकसतोय... विचारलं तर एकच उत्तर, "काही नाही रे, टेन्शन!"

अहो, टेन्शन म्हणजे नक्की काय? रिलीज फसेल ही भीती? मीटिंगमधला अपमान? की नुसता थकवा? प्रत्येकाचा उपाय वेगळा. स्वतःच्या भावना ओळखता-सांगता न येण्याला पीटर सिफनिऑस यांनी १९७० च्या दशकात 'अलेक्सिथायमिया' हे नाव दिलं. आपल्यापैकी बहुतेकांना तेही नसावं, सवयच नाही! 'एरर आला' एवढंच लिहिलेला बग आपण परत पाठवतो ना? मग स्वतःबद्दल तेवढंच का सांगायचं?

यात कंपन्यांचं फावतं. टेन्शन म्हटलं की शनिवारी योगा ठेवून मोकळे. "रात्री दोनच्या कॉलचा मला राग येतो" म्हटलं, तर कॉलची वेळ बदलावी लागते!

असो. आज रविवार, वडिलांचा फोन येईल. "बरा हायस का?" दरवेळी मी "मजेत" म्हणतो. आज म्हणणार नाही.