पाणी आलं म्हणून का गाणं थांबते?



लोणच्याची बुरशी, मुलांचा अभ्यास, नणंदेचं जमत नसलेलं लग्न अशा नेहमीच्या पत्रांत या वेळी एक पत्र वेगळं निघालं. एक भगिनी लिहितात, 'आम्हा सहाजणींचं भजनी मंडळ होतं. नऊ वर्षांपूर्वी बदल्या, बाळंतपणं आणि थोडी भांडणं यात ते मोडलं. आता पुन्हा जमतोय. गणपतीत उघड्या मांडवात कार्यक्रम ठरलाय. पाऊस आला तर काय करावं? पेटी-तबल्याची काळजी वाटते. लोक येणार नाहीत, हसं होईल, हीही धास्ती आहे. की सरळ दिवाळीनंतर ठेवावं?'

आधी पेटी-तबल्याचं सांगते, कारण तेवढं मला नक्की सांगता येतं. बी. ए.ला माझा संगीत विषय होता, आणि सध्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथली पेटीही माझ्याच गळ्यात आहे. तबल्याची पुडी चामड्याची. दमट हवेत चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो. घाबरून शेगडीवर धरू नका. शाईला तडे जातात, मग ती खपलीसारखी सुटते. डफाला शेक चालतो, तबल्याला नाही. कोरड्या सुती फडक्यानं पुसावा, गट्टे हातोडीनं बेताबेतानं खाली ठोकून सूर चढवावा, आणि कार्यक्रम संपला की गट्टे परत सैल करायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी कडक उन्हात पुडी ताणून फाटते. पेटी भिजली तर लगेच वाजवून बघायचा मोह टाळा. झाकण उघडून सावलीत, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. उन्हात ठेवली तर लाकूड वाकतं. ओल राहिली तर आतले पितळी सूर काळवंडतात आणि पट्ट्या फुगून अडकतात. नव्या चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या आपण फेकून देतो ना, त्या जमवून पेटीच्या खोळीत ठेवाव्यात. (मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका.)

झालं. आता दुसरा प्रश्न, लोकांचा. तो काही खोळ घालून सुटणारा नाही.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव तुम्हाला ठाऊक आहेच. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो १९५३ साली सुरू केला. थंडीचे दिवस, उघडं मैदान, खाली भारतीय बैठक. पूर्वी तर रात्र रात्र गाणं चाले. ध्वनिक्षेपकाच्या वेळेचे नियम कडक झाले तसं ते आटोपशीर झालं. माझ्या माहेरी त्याचं वेड होतं ते फक्त रेडिओपुरतं. आम्हा कॉलेजच्या चौघी मैत्रिणींची मात्र प्रतिज्ञा होती की लग्नं झाली तरी एकदा सवाईला एकत्र बसायचं. आम्ही खामगावच्या. पेटीवाली, तबलेवाली, मी, आणि जिच्या गळ्यावर आम्हा तिघींचं चालायचं ती एक. अभंग, भावगीतं, कुणाच्या घरी डोहाळजेवण असेल तर ओव्या, काय म्हणाल ते आम्ही म्हणत असू. मग एकेकीला अक्षता पडल्या आणि मंडळ संपलं.

पेटीवाली पुण्यात पडली होती, म्हणून २०१४ च्या डिसेंबरात बेत ठरला. तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा. त्याला ठेवून दोन दिवस गाणं ऐकायला जायचं, हे घरात बोलायला मला किती दिवस लागले ते तुम्हाला सांगायला नको. अखेर 'हो' मिळालं, पिशवी भरली, आणि निघायच्या तयारीत असतानाच पेटीवालीचा फोन आला. पुण्यात अवकाळी पाऊस, महोत्सव पुढे ढकललाय. जावेनं लगेच म्हटलं, "बरं झालं, देवालाच मान्य नव्हतं." मीही पिशवी उपसायला लागले. खरं सांगते, महोत्सव राहिला याचं दुःख नव्हतं. पुन्हा विचारावं लागेल या विचारानंच अंगातलं बळ गेलं.

महोत्सव मग १ ते ४ जानेवारी २०१५ ला झाला. विचारायची वेळ आली तेव्हा मी गप्पच बसले होते. सासूबाई ज्वारी निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "पानी आलं म्हनून का गानं थांबते का वो? तं तू काहून थांबली? जाय."

गेलो. चौघीही. शनिवार-रविवार रमणबागेच्या मैदानावर बसलो. गाणं तर ऐकलंच, पण मला अजून आठवतं ते लोकांचं बसणं. पंधरा-वीस दिवस उशीर झाला होता. परगावच्यांच्या रजा गेल्या असतील, तिकिटं पुन्हा काढावी लागली असतील. पण शाली, मफलर, थर्मास, डब्यांतल्या पुऱ्या, सगळं जिथल्या तिथे. शेजारच्या आजी तर म्हणाल्या, की या जागी त्या किती वर्षं बसतात याचा हिशेबच त्यांनी ठेवलेला नाही. शेवटी प्रभाताई अत्रे यांच्या गाण्यानं सांगता करायची, असा पायंडा भीमसेनजींच्या माघारी पडला होता. आमची गळेवाली मैत्रीण परतीच्या रिक्षात म्हणाली, "आपण पुन्हा गाऊ गं." म्हटलं, गाऊ.

अन् मग नाहीच गायलो. तुम्हाला सांगायला नको, कसं होतं ते.

पुढे २०२० आणि २०२१ ला करोनानं महोत्सवच झाला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या त्या मैत्रिणीचे यजमान गेले. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. भेटायलाही जाता आलं नाही. फोनवर दोघी नुसत्या श्वास ऐकत राहिलो. डिसेंबर २०२२ ला सवाई पुन्हा भरला, आता मुकुंदनगरच्या मैदानावर. दोन वर्षांच्या खंडानंतर भेटलेले लोक मांडवाच्या दारातच एकमेकांचे हात धरून उभे होते, असं पेटीवालीनं कळवलं. आम्ही तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, "ऐकायचीही इच्छा नाही गं."

इथे जरा आडवळण घेते. माझा भाचा अमेरिकेत शिकतो. तिथे 'जॅम' करणारी बँडपथकं असतात, त्यांचा त्याला भारी नाद. जॅम म्हणजे आपला फळांचा नव्हे. गाणं ठरलेलं, पण ते किती वाढवायचं, कुठे न्यायचं, हे वाजवता वाजवता ठरतं. आपला गवई बंदिश हातात घेऊन राग फुलवत नेतो आणि तबलजी मध्येच आडवा जातो, साधारण तसं. एका पथकाचं नाव चक्क 'फिश'! मी हसले, पण त्यानं सांगितलेली गोष्ट माझ्या मनातून जाईना. हे पथक मोडायचं ठरलं आणि शेवटचा कार्यक्रम ऑगस्ट २००४ मध्ये व्हरमाँटच्या कॉव्हेंट्री गावी ठेवला. पाऊस एवढा पडला की मैदानाचा चिखल झाला, गाड्या आत घेईनात. पथकातल्याच एकानं रेडिओवरून लोकांना परत जायला सांगितलं. लोकांनी काय करावं? गाड्या रस्त्याच्या कडेला सोडल्या, पाठीला सामान मारलं आणि कित्येक मैल चालत गेले. भाचा म्हणाला, "मावशी, अगदी आपली वारी." पाच वर्षांनी, मार्च २००९ ला, तेच पथक पुन्हा एकत्र आलं, तेव्हा ही मंडळी परत हजर.

त्याहून जुनं पथक ग्रेटफुल डेड. त्यांचा म्होरक्या जेरी गार्सिया १९९५ ला वारला. उरलेले लोक २०१५ च्या जुलैत, पन्नास वर्षं झाली म्हणून, शिकागोला तीन रात्री पुन्हा एकत्र वाजवायला बसले. त्यांच्यातला ढोलवाला मिकी हार्ट आपल्या अल्लारखांकडे तबल्याचे धडे घेतलेला, आणि पुढे झाकीर हुसेनांबरोबर वाजवणारा. १९६९ च्या ऑगस्टात वुडस्टॉकला लाखोंचा मेळा भरला, तिथे पहिल्याच रात्री पावसात रविशंकर आणि अल्लारखा वाजवायला बसले होते. चिखलात लोळणारी पोरं पाहून रविशंकरांना आपल्याकडच्या डबक्यातल्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यांना तो प्रकार मुळीच आवडला नव्हता. मला रविशंकरांचं म्हणणं पटतं. गाणं ऐकताना शुद्ध हवी. पण दुसऱ्या रात्री ग्रेटफुल डेडला ओल्या रंगमंचावर वाद्यांतून विजेचे झटके बसत होते, ते लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

आता आमच्या नांदुऱ्याला येते. २०२३ च्या गणपतीत आमच्या वस्तीतल्या मंडळानं विचारलं, बायकांचा काही कार्यक्रम करता का. मी तिघींना फोन केले. पेटीवाली गणपतीला सासरी अकोल्याला येणारच होती. तबलेवाली मलकापूरची, म्हणजे घरचीच. चौथी म्हणाली, "मी येईन, पण गाणार नाही. टाळ धरीन." तिच्या मनात काय होतं ते तिनं माझ्याजवळ बोलून दाखवलं. नवरा गेलेली बाई, गणपतीसमोर मांडवात बसून गळा काढते, लोक काय म्हणतील? मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोकाईचं सांगू नको. तिले म्हना, माह्याजवळ बस."

संध्याकाळी सहापासून पाऊस. आपल्याकडचा सप्टेंबरचा, थांबतो थांबतो असं वाटायला लावणारा. हायवेवरचा उंच हनुमानही दिसेनासा झाला. मांडव तीन ठिकाणी गळत होता. मी मनातून धरूनच चालले होते की रद्द होणार, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटत होतं. चौदा वर्षं न गायलेल्या बायका आम्ही! पण आठाला बघते तर तीस-चाळीस बायामाणसं आलेली. कुणी खताची पोती डोक्यावर घेऊन, कुणी एका छत्रीत तिघी. मंडळाच्या पोरांनी मागून ताडपत्री आणून आमच्या डोक्यावर बांधली.

पहिला अभंग झाला आणि माइक खरखरला. तारेवर पाणी ठिबकत होतं. भाच्याची ती झटक्याची गोष्ट आठवून मीच ओरडले, "बंद करा रे आधी!" पोरांनी मेन स्विचच खाली ओढलं. मांडवात अंधार, एका कंदिलाचा आणि मोबाइलांचा उजेड, वर ताडपत्रीवर पाण्याचा ताशा. आम्ही दुसरा अभंग सुरू केला. तिघींचे आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचेनात. तबला तर असा उतरला होता की जणू डबाच. लोक उठून जातील असं वाटलं. उठले खरे, पण पुढे आले. सतरंजीच्या काठाला गुडघे टेकून बसले, इतके जवळ की पुढच्या बाईच्या ओल्या लुगड्याचा वास येत होता.

कडवं संपवून आम्ही ध्रुपदावर आलो आणि डावीकडून आवाज आला. टाळ हातात तसेच, पण ती गात होती. घसा बसका, पहिल्या ओळीला फाटला. दुसऱ्या ओळीला सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवलेला मी पाहिला. तिसऱ्या वेळेला तिनं जो स्वर लावला, त्यावर आम्ही तिघींनी आपापलं थांबवलं. ध्रुपद तिनं किती वेळा घेतलं कोण जाणे. दर वेळेला वेगळं, कधी वरून, कधी नुसतंच गुणगुणत, आणि पुढच्या बाया आपोआप झेलत होत्या. पेटीवाली मला कोपरानं ढोसून म्हणाली, "हाच गं तुझ्या भाच्याचा जॅम."

दहाला आरती करून उठलो. मी पेटी उचलली, आमच्या 'अहों'नी तबला स्वतःच्या रेनकोटात गुंडाळला आणि स्वतः भिजत आले. डग्ग्याची पुडी मात्र गेलीच. नवी बसवून घ्यावी लागली.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या ताई, दिवाळीनंतर नको, गणपतीतच ठेवा. ताडपत्री आधीच बांधा, ती ऐनवेळी आणू नका. माइकची तार जमिनीवरून नको, वरून घ्या. पाणी सुरू झालं की स्विच बंद. वाद्यांखाली लाकडी पाट ठेवा, आणि एकीकडे फक्त कोरडी फडकी सांभाळायचं काम द्या. चहाचा थर्मास मोठा न्या, पुरत नाही.

तिचे टाळ त्या रात्री गडबडीत माझ्याकडेच राहिले होते. चार दिवसांनी ती खामगावहून एसटीनं ते न्यायला आली. चहा झाला, सासूबाईंशी बोलणं झालं, निघायच्या वेळी मी टाळ पिशवीत घालून दिले. तिनं ते पिशवीतून काढून पुन्हा आमच्या फडताळावर ठेवले आणि विचारलं, "गुरुवारी किती वाजता बसायचं?"