यंत्रांना राखणदार हवा

सरकारी रुग्णालयात नवे यंत्र आले की त्याचा समारंभ होतो. फीत कापली जाते, नारळ फुटतो, वृत्तपत्रात छायाचित्र छापून येते आणि दुसऱ्या दिवसापासून ते यंत्र जिल्ह्याच्या प्रगतीच्या खात्यावर कायमचे जमा होते. पुढे ते किती दिवस चालले आणि किती दिवस कापडाखाली झाकून पडले, याचा हिशेब मात्र क्वचितच लोकांपुढे येतो. सिंधुदुर्गासारख्या किनारपट्टीच्या जिल्ह्यात हा हिशेब केवळ कारकुनी राहत नाही. त्यावर जीव तगणे किंवा जाणे अवलंबून असते.

नवजात अर्भकाला ऊब देणारा वॉर्मर आणि शिरेतून द्रव मोजून सोडणारा इन्फ्युजन पंप या दोन यंत्रांचेच उदाहरण घ्यावे. नवजाताच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस एवढ्या अरुंद मर्यादेत राहावे लागते. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगी चरबी नसते, त्यामुळे ते पाहता पाहता गारठते. वॉर्मर हा बाळाच्या पोटावर चिकटवलेल्या संवेदकाकडून तापमान समजून घेतो आणि त्याप्रमाणे उष्णता कमीअधिक करतो. हा संवेदक निसटला, तर बाळ गार पडले असे यंत्र समजते आणि आधीच तापलेल्या बाळाला अधिक तापवू लागते. अशा वेळी शेजारी परिचारिका असेल, तरच बाळाची सुटका.

सलाईनची गोष्ट याहून वेगळी नाही. ‘सलाईन लावले म्हणजे ताकद येते’ ही आपल्याकडील रूढ समजूत. वस्तुतः सलाईन हे मोजून द्यायचे औषध आहे. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची असेल, तर नेहमीच्या नळीतून मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडावे लागतात. डेंग्यूच्या रुग्णाला द्रव कमी पडला तर रक्तदाब कोसळतो आणि अधिक झाला तर पाणी फुप्फुसात साचते. दीड किलोच्या अर्भकाला पहिल्या दिवशी साधारणतः तासाला पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर द्रव द्यावा लागतो. एवढे सूक्ष्म माप रात्रभर डोळ्यांनी राखणे माणसाला अवघड असते, म्हणून पंप हवा. पण पंपाची बॅटरी निकामी झालेली असेल, तर वीज जाताच तोही थांबतो.

यंत्राकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने ९ जानेवारी २०२१ रोजी पाहिले. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. त्या वेळी कक्षात १७ बालके होती. सात वाचवता आली, दहा दगावली. आगीची सुरुवात एका वॉर्मरमधून झाली, असा चौकशी समितीचा निष्कर्ष होता. ज्या यंत्राने ऊब द्यायची, त्यानेच घात केला. त्यानंतर राज्यभर तपासणीचे आदेश निघाले, काही अधिकारी व परिचारिकांवर कारवाई झाली आणि लोकांचे लक्ष दुसरीकडे वळले. दोषी कोण हे ठरवणे आवश्यकच होते. परंतु वॉर्मरची नियमित तपासणी कोणी, कधी व कशी करावी, हा खरा प्रश्न एका जिल्ह्यापुरता नव्हता आणि नाही.

सिंधुदुर्गाला तो अधिक लागू पडतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा दीर्घकाळ गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीला पाठवत आला आहे. मालवणहून तो प्रवास शंभर किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्या वाटेवर थेंबाचे माप व बाळाची ऊब ही दोन्ही राखावी लागतात. २०२१ मध्ये जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट होय. पण महाविद्यालय आले म्हणून किनाऱ्याची हवा बदलत नाही. खारट, दमट वाऱ्याने जेथे खिडकीचे गज गंजतात, तेथे यंत्रातील नाजूक जोडण्या शाबूत राहतील असे मानणे भाबडेपणाचे आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि सर्पदंश यांचे रुग्ण वाढतात ते नेमके वीज बेभरवशाची असतानाच.

हे दुखणे केवळ कोकणाचे नाही. केंद्र सरकारने वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा २९,११५ आरोग्य संस्थांतील साडेसात लाखांहून अधिक उपकरणांची पाहणी झाली. निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. त्यावर जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवरील ९० टक्के वेळ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ८० टक्के वेळ चालू असावीत, असे उद्दिष्ट ठरले. उद्दिष्ट चांगले आहे. मात्र ते गाठले की नाही, हे रुग्णालयाच्या दाराशी कोणालाही वाचता येत नाही.

‘पूर्वी ही यंत्रे नव्हती, तरी मुले जगत होतीच ना?’ असा प्रश्न काही वडीलधारे विचारतात. जी जगली नाहीत, त्यांची गणती कोणी ठेवली नाही, एवढेच त्याचे उत्तर. बाळंतिणीच्या बंद खोलीतील शेकशेगडीने ऊब दिली, तसा धूरही दिला. तरीही या प्रश्नात एक तथ्य आहे. आईच्या उघड्या छातीशी बाळाला बांधून ऊब देण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटरांच्या टंचाईतून रुग्णालयात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्याने कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने घटले, असे त्यात दिसून आले. यात यंत्राची हकालपट्टी नाही. वीज गेली असताना आई आणि परिचारिका यांना काय करायचे ते ठाऊक असावे, एवढाच याचा बोध आहे. थेंब मोजण्याचे जुने कौशल्यही याच कारणासाठी टिकवले पाहिजे.

तेव्हा मागणी साधी आहे. यंत्र खरेदी करतानाच त्याच्या देखभालीचा खर्च, सुटे भाग आणि शिकवलेला माणूस यांची तरतूद झाली पाहिजे. दुरुस्तीचा तंत्रज्ञ मुंबईहून किंवा पुण्याहून येण्याची वाट पाहावी लागू नये. तो जिल्ह्यातच हवा, आणि जिल्ह्यातील शिकलेल्या मुलांना हे काम शिकवणे अशक्य नाही. रात्रपाळीला पुरेशा परिचारिका हव्यात. आणि प्रत्येक रुग्णालयाने, कोणते यंत्र महिन्यात किती दिवस बंद होते, हे फलकावर लिहावे. शाळा पटावरील संख्या आणि हजेरी फळ्यावर लिहिते. रुग्णालयाने तेवढे करण्यास हरकत कोणती?

मालवणचा मच्छीमार नारळी पौर्णिमेची वाट नुसता बसून पाहत नाही. पावसाच्या दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना तो जाळ्याचा फाटका फास न फास सांधून ठेवतो, इंजिन उघडून पाहतो. कारण भर समुद्रात गफलत झाली तर काय होते, ते त्याला चांगले ठाऊक असते. कोकणातल्या प्रत्येक गावाला राखणदार असतो, अशी येथील श्रद्धा आहे. त्या राखणदाराला नारळ मिळतो तो एकदाच नव्हे, दरवर्षी. रुग्णालयातील यंत्रांच्या वाट्याला मात्र उद्घाटनाचा तेवढा एकच नारळ येतो. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वॉर्मर, प्रत्येक पंप आणि प्रत्येक बॅटरी तपासली गेल्याखेरीज ही यंत्रे जिल्ह्याच्या प्रगतीत मोजण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.