‘उद्या गोळी देणार आहेत’

शाळेच्या महिन्याच्या सूचना आता पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतात. गणवेश, चाचणी, पालकसभा, सगळे सविस्तर. जंतनाशक दिनाबद्दल मात्र एकच ओळ: ‘उद्या गोळी देणार आहेत.’ कसली, कशासाठी, काही नाही. मग काही मुले त्या दिवशी घरीच राहतात. यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्या वऱ्हाडात पावसाळ्यात पोरे शेतात, नाल्याकाठी अनवाणी फिरतात. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीतून आत शिरते. पुढे तो जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. पोर फिकट पडते, वर्गात पेंगते. घरचे म्हणतात, खाल्लेले अंगी लागत नाही! शाळेतली अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी त्यासाठीच असते. ती चावून खायची. जंत जास्त असतील तर थोडी मळमळ, पोटदुखी होते आणि बहुधा आपोआप थांबते. मूल आजारी असेल तर त्या दिवशी देऊ नये, राहिलेल्यांसाठी पुढे दुसरा दिवस ठेवलेला असतो. एवढे आदल्या संध्याकाळी गटावर लिहिले तरी अफवांना पुष्कळ आळा बसेल.

तपासणीच्या चिठ्ठीचे दुखणे मला याहून मोठे वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, हृदयाचा आवाज वेगळा वाटला की ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ असे लिहून देते. पुढची तपासणी, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही, या कार्यक्रमात मोफत असते. पण चिठ्ठी दप्तरातच चुरगळते. अशा वेळी वर्गशिक्षकांनी पालकांना थेट फोन करावा. मुलाचे नाव गटावर टाकू नये.