न्यायाधीश पाठवा, राजदूत नकोत

प्रति,
सदस्य राष्ट्रांची सभा,
आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, हेग



२०१९ मध्ये आपल्या न्यायालयात एक अजब प्रकार घडला. काँगोतील बंडखोर सेनानी बॉस्को एन्टागांडा याच्या युद्धगुन्ह्यांचा निकाल यायचा होता. त्या पीठावरच्या कुनिको ओझाकी यांना जपान सरकारने एस्टोनियात राजदूत नेमले. सहकारी न्यायाधीशांनी बहुमताने ‘चालेल’ म्हटले. बचाव पक्षाने हरकत घेतल्यावर बाईंनी राजदूतपद सोडले.

दोष एकट्या ओझाकींचा नाही. त्यांच्या आधीच्या जपानी न्यायाधीश फुमिको सैगाही मूळच्या राजनैतिक अधिकारीच. आपल्या नियमांत उमेदवारांच्या दोन याद्या आहेत: एक फौजदारी खटल्यांचा अनुभव असलेल्यांची, दुसरी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जाणकारांची. या दुसऱ्या दारातून परराष्ट्र खात्याची माणसे बिनदिक्कत आत येतात.

त्याच जपानने पुढे तोमोको अकाने यांना पाठवले. त्या मुरलेल्या सरकारी वकील. मार्च २०२३ मध्ये पुतीन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढणाऱ्या पीठावर त्या होत्या. रशियाने उलट त्यांनाच ‘वाँटेड’ ठरवले. २०२४ मध्ये त्या न्यायालयाच्या अध्यक्ष झाल्या. मनात आणले तर सरकारांना योग्य माणूस सापडतो, एवढे यातून दिसते.

आणि आता तर माणूस खमक्याच हवा. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या अनेक न्यायाधीशांवर निर्बंध लादले. त्यांपैकी फ्रान्सचे निकोला गियू यांनी आपल्याच देशात केलेले हॉटेलचे बुकिंगही रद्द झाले. परतल्यावर परराष्ट्र खात्यातच बढतीची वाट पाहणारा अधिकारी अशा दडपणापुढे किती टिकेल?

निवडणुकीचा खेळ मात्र जुनाच. २००३ मधल्या पहिल्या निवडणुकीत अठरा जागांसाठी मतदानाच्या ३३ फेऱ्या झाल्या. ‘तुम्ही आमच्या उमेदवाराला मत द्या, आम्ही तुमच्या उमेदवाराला देतो’ ही देवाणघेवाण राजदूतांमध्ये सर्रास चालते. उमेदवार पारखणारी सल्लागार समिती आपणच नेमली आहे. तिचा अहवाल बंधनकारक नाही, म्हणून तो फायलीतच राहतो.

भारताला इथे बोलायचा फारसा अधिकार नाही, हेही खरे. हे न्यायालय स्थापन करणाऱ्या रोम करारावर सही नसल्याने भारतीय नागरिकाला या न्यायालयात उमेदवारीच मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टोकियो खटल्यात ज्या देशाच्या न्यायाधीश राधाबिनोद पालांनी भिन्न निकाल लिहिला, त्या देशाची आजची ही गत!

२०२६ मध्ये सहा जागा भरायच्या आहेत. समितीने नापसंत केलेल्या उमेदवाराला मत देणाऱ्या राष्ट्राने निदान त्याचे कारण लेखी जाहीर करावे, असा ठराव त्याआधी आणावा.