कंपनीचा निरोप आपल्या दारापर्यंत पोहोचतो का?

गेल्या ईदला आरमोरीच्या आमच्या भाच्याला नागपूरहून फोन आला. ज्यांच्याकडून त्याने जुनी इलेक्ट्रिक स्कूटर विकत घेतली होती, ते गृहस्थ ईद मुबारक म्हणायला बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "अरे, त्या गाडीची बॅटरी तपासायला आणा, असा कंपनीचा मेसेज येऊन दोन महिने झाले. तुला सांगायचे राहूनच गेले." ते दोन महिने ती बॅटरी रोज रात्री पडवीत, मुलांच्या खाटेपासून चार हातांवर चार्ज होत होती.

भाच्याने आम्हाला विचारले, "मामू, गाडी तर छान चालते. मग एक दिवसाचा रोज बुडवून नागपूरला कशाला न्यायची?" हा प्रश्न आपल्या अनेक घरांतला आहे, म्हणून या महिन्याचे पान त्यालाच देत आहोत.

विकलेल्या मालात धोक्याचा दोष आढळला की कंपनी तो माल तपासणीसाठी किंवा बदलून देण्यासाठी परत बोलावते. यालाच रिकॉल म्हणतात. अमेरिकेत लोक ज्यावर बसून अंगणातले गवत कापतात, ती यंत्रेसुद्धा पेट्रोल गळून आग लागण्याच्या भीतीने अशी परत बोलावली जातात. तिथला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग यंत्राचे मॉडेल आणि क्रमांक जाहीर करतो. वापर लगेच थांबवा, दुरुस्ती फुकट होईल, असे सांगतो. यातली समजून घ्यायची गोष्ट ही की बोलावणे येते तेव्हा बहुतेकांचे यंत्र छानच चालत असते. आग लागायच्या आधी पोहोचला तरच त्या निरोपाचा उपयोग.

आपल्याकडे हा शब्द घराघरांत गेला तो २०२२ साली. २६ मार्चला पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची स्कूटर पेटली. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोर येथे रात्री चार्ज होत असलेल्या स्कूटरला आग लागली आणि धुराने गुदमरून बाप-लेक गेले. एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५, प्युअर ईव्हीने सुमारे २,००० आणि ओलाने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. दोषी गाड्यांची संपूर्ण खेप परत बोलवा, असे नितीन गडकरी यांनी त्याच महिन्यात कंपन्यांना बजावले होते. तरीही सप्टेंबरमध्ये आपल्या वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचे एक मूल दगावले.

या बॅटऱ्यांत लिथियमचे अनेक छोटे सेल एकत्र बांधलेले असतात. एका सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला की तो तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि काही क्षणांत सगळी पेटी भडकते. आतला दोष बाहेरून दिसत नाही. वर चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या पुढे. उन्हात तापलेली गाडी घरी आणून लगेच चार्जिंगला लावणे म्हणजे तापल्या तव्याखाली आणखी जाळ घालणे.

कायदा आपल्या बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार केंद्रीय प्राधिकरण धोकादायक वस्तू परत घेण्याचा आणि पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकते. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्यांच्या रिकॉलची तरतूद झाली. पण निरोप जातो तो नोंदीतल्या नावावर आणि नंबरवर, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तोच मोडतो. गाडी नागपुरातून जुनी घेतलेली, आरटीओत नाव पहिल्या मालकाचेच. नाहीतर साल्याच्या नावावर घेतलेली, मोबाइल नंबर बदललेला. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या स्कूटरला तर नोंदणीच लागत नाही. एमएच-३३ नाही की एमएच-३४ नाही. तिचा मालक शोधायला दुकानदाराच्या वहीखेरीज काही नसते. बांधावरचे गवत कापायचे पेट्रोलचे मशीन बाजारातून बिलाविना आणले असेल, तर त्याचाही पत्ता कुणापाशी नाही. वाळल्या गवतात गरम सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकले, तर फेब्रुवारी ते जूनच्या वणव्याच्या दिवसांत ती आग एका घरापुरती राहत नाही.

म्हणून चार कामे करावीत. पहिले, बिल घ्यावे आणि जपावे. चेसिस व बॅटरीचा क्रमांक निकाहनाम्याच्या आणि रेशनकार्डाच्या फाइलमध्येच लिहून ठेवावा. दुसरे, जुनी गाडी घेताच ती आपल्या नावावर करावी, आपला नंबर कंपनीलाही कळवावा. आपण विकली असेल, तर आलेला निरोप त्याच दिवशी नव्या मालकाला द्यावा. तीही अमानतच आहे. तिसरे, वर्षातून दोनदा क्रमांक सांगून विचारावे, "आमच्या गाडीचा रिकॉल आहे का?" कंपनी टाळाटाळ करत असेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोग चंद्रपुरातही आहे आणि गडचिरोलीतही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

चौथे काम घरातल्या अम्मी-आपांच्या हातचे. चार्जिंग दिवसा, कुणी जागे असताना, गाडी थंड झाल्यावर, मोकळ्या जागी. बाहेर पडायच्या दारात नाही, गादी-पडद्याजवळ नाही. बॅटरी फुगली, वास आला, धूर दिसला, तर वस्तू वाचवत बसू नये. आधी मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढावे, मग १०१ किंवा ११२ ला फोन करावा. सिरोंचा-भामरागडच्या वस्तीत बंब वेळेवर येईलच असे नाही, म्हणून तिथे तर ही खबरदारीच आपला बंब.

मदिनेत एका रात्री घर जळाले, तेव्हा आग ही तुमची दुश्मन आहे, झोपण्यापूर्वी ती विझवत जा, अशी ताकीद पैगंबर साहेबांनी (स.) दिल्याचे हदीसमध्ये येते. तेव्हा दिवा होता. आज भिंतीतल्या प्लगला लावलेली बॅटरी आहे.

भाचा शेवटी टेम्पोत गाडी घालून नागपूरला गेला. बॅटरी बदलून मिळाली, पैसे लागले नाहीत, रोज मात्र बुडाला. येताना त्याने आरटीओत नाव बदलायचा अर्जही आणला. आता त्याच्या पडवीत रात्री फक्त मुलांची खाट असते.