वाण, मुलांच्या हातचे

चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरममध्ये नवरात्र आले की अनेक घरांत ‘कोलू’ मांडला जातो. विषम संख्येच्या पायऱ्यांवर शुभ्र वस्त्र अंथरून मातीच्या बाहुल्या, देवदेवता आणि वाण्याच्या दुकानापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंतचे प्रसंग मांडावयाचे. सायंकाळी शेजारच्या स्त्रिया व मुले दर्शनास येतात. त्यांना सुंडल, विड्याची पाने, सुपारी, हळदीकुंकू आणि एखादी छोटीशी भेटवस्तू दिली जाते. महाराष्ट्रातील संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे आणि वाणाचे हे सख्खे भावंडच म्हणावे लागेल.

तांबरममध्ये वायुदलाचा तळ आहे, रेल्वेचे मोठे स्थानक आहे आणि बँकांच्या शाखाही आहेत. बदलीच्या नोकरीमुळे मराठी कुटुंबे येथे येतात आणि काही वर्षांनी पुढच्या गावी जातात. मोठी माणसे कामापुरती तमिळ शिकतात, कार्यालयात इंग्रजी-हिंदीवर निभावून नेतात. मुलांचे मात्र पहिले काही महिने अवघड जातात. शेजारच्या कोलूसमोर उभ्या राहिलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला बाहुल्यांविषयी विचारावयाचे असते खूप, पण शब्द नसतात. अशा वेळी आईने दुकानातून आणलेली चकचकीत डबी तिच्या हाती दिली, तर ती केवळ निरोप्याचे काम करते. तिने स्वतः केलेली वस्तू दिली, तर पलीकडची आजी ती उलटसुलट करून पाहते, “कुणी केली?” असे खुणेनेच विचारते, आणि संवादास प्रारंभ होतो.

अशा वस्तूंसाठी मुलांच्या हाताला सहज साधणारे साहित्य म्हणजे कृत्रिम फुले. ही कल्पना परकी नाही. पाणथळ जागी वाढणाऱ्या भेंडाच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यापासून फुले कोरून आपल्याकडे बाशिंगे केली जात. वराच्या कपाळी बाशिंग असे, तसे पोळ्याला बैलाच्याही. तमिळनाडूत याच गाभ्याला ‘नेट्टी’ म्हणतात. कावेरीकाठच्या भागात माट्टु पोंगलला गुरांच्या गळ्यात नेट्टीच्या माळा घालतात. तंजावरच्या नेट्टीकामाला 2020 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. 1676 पासून 1855 पर्यंत मराठी राजांची गादी ज्या तंजावरात होती, तेच हे तंजावर. तांबरमच्या स्थानकावरून तिकडे गाड्या जातात. दोन भाषांच्या लोकांनी, आपापल्या सणांत, एकाच वनस्पतीची फुले गुंफली, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

आजची कृत्रिम फुले मात्र बहुधा प्लास्टिकची किंवा कृत्रिम धाग्याच्या कापडाची असतात. येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. तमिळनाडूने 1 जानेवारी 2019 पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेल्या बंदीत सजावटीचे थर्मोकोलही आले. अशा काळात मुलांच्या हस्तकलेसाठी नवी प्लास्टिकची फुले विकत आणणे हा उलटा संस्कार होय. ताजी फुले पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटावरही तो पाय आहे. परंतु गणपतीच्या आणि दिवाळीच्या सजावटीतील फुले माळ्यावरच्या खोक्यात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली असतात. ती कुजत नाहीत, आणि जाळणे तर घातकच. त्यांना पुन्हा कामास लावणे हाच त्यांचा उत्तम विनियोग.

कृती सोपी आहे. फुले साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावीत. देठ ओढला की बहुतेक फुलांचे पाकळ्यांचे थर सुटे होतात आणि प्रत्येक थराच्या मध्यभागी छिद्र दिसते. देठातील तार कापण्याचे काम मोठ्यांनी पकडीने करावे. चुरगळलेल्या पाकळ्या जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवाव्यात. पांढरा गोंद गुळगुळीत प्लास्टिकवर टिकत नाही, हे मुलांना एकदा अनुभवू द्यावे. नंतर त्या छिद्रातून सुई-दोरा ओवून मध्ये जुने बटण शिवण्यास शिकवावे. असे फूल सहसा सुटत नाही.

बटणाचे हे फूल जाड कागदाच्या पट्टीच्या टोकाशी टाचले की पुस्तकातील खूण तयार होते. कापडाच्या गोल तुकड्यावर शिवून तो तुकडा बरणीच्या झाकणावर दोऱ्याने बांधला, की तिळगूळ देण्याजोगी बरणी होते. छोटी फुले आणि कागदी नळीचे तुकडे आलटून पालटून ओवले, की कोलूतील बाहुल्यांसाठी किंवा नाताळात शेजाऱ्याच्या दारासाठी माळ होते. पणती व समई यांपासून मात्र या वस्तू दूरच ठेवाव्यात, कारण प्लास्टिक आणि कृत्रिम कापड चटकन पेट घेते.

पालकांना वेळ नसतो, हा आक्षेप खरा आहे. पण खरी अडचण वेळेपेक्षा नीटनेटकेपणाच्या हव्यासाची असते. मूल झोपल्यावर वाकडा टाका उसवून आई सरळ घालते, वडील बाजारातून तयार संच आणतात, आणि वस्तू देखणी होते, पण मुलाची राहत नाही. त्यापेक्षा वाकडा टाका तसाच राहू द्यावा. वस्तू कुणाला द्यावयाची, हेही मुलानेच ठरवावे. ते कदाचित पहारेकऱ्याचे किंवा घरकाम करणाऱ्या मावशींचे नाव घेईल. मोठ्यांच्या यादीत ही नावे बहुधा नसतात.

बँकेच्या व्यवहारात प्रत्येक वस्तूला किंमत असते. मूल्य ही निराळी गोष्ट आहे, हे मुलांना व्याख्यानाने पटत नाही. दोन दुपार खर्चून, बोटाला दोनदा सुई टोचून घेऊन केलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना जी हुरहूर वाटते, तिच्यातून ते आपोआप उमगते. हातची वस्तू देऊन टाकण्याची ही सवय लहानपणी लागली, तर पुढे पैसा हाताळतानाही ती उपयोगी पडते.

बदलीचा हुकूम आला की सामान बांधले जाते आणि शेजार मागे राहतो. तांबरमच्या एखाद्या घरी पुढच्या नवरात्रात कोलू मांडताना त्याच आजी एक वाकड्या टाक्याची माळ खोक्यातून बाहेर काढतील, आणि ती करणाऱ्या मुलीची आठवण त्या घरात निघेल. एका सणाच्या भेटीकडून याहून अधिक कशाची अपेक्षा करावी?